पाच वर्षांचा सरकारी रोखा कसा वाचावा, कसा घ्यावा

सरकारी रोखा म्हणजे आपण सरकारला दिलेलं कर्ज. सुरुवात नावापासून करा. ‘७.०६% जीएस २०२८’ (जीएस म्हणजे गव्हर्नमेंट सिक्युरिटी, सरकारी रोखा) या रोख्याच्या नावातच त्याची कुंडली आहे: शंभर रुपयांवर वर्षाला ७ रुपये ६ पैसे व्याज, तेही सहामाही हप्त्यांत, आणि २०२८ मध्ये मुद्दल परत. एप्रिल २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी निघालेला हा रोखा. त्याचं व्याज शेवटपर्यंत तेवढंच राहतं. रोज हलतो तो भाव.

का हलतो, ते कागद-पेन घेऊन एकदा बघाच. समजा, ७ टक्क्यांचा पाच वर्षांचा रोखा तुम्ही १०,००० रुपयांना घेतला. दर सहामाहीला ३५० रुपये येणार. दुसऱ्याच आठवड्यात बाजारातला दर ८ टक्के झाला, तर तुमचा जुना रोखा कोण घेईल? घेईल, पण साधारण ९,५९४ रुपयांना, म्हणजे त्यालाही ८ टक्केच सुटतील. दर ६ वर आला तर तोच रोखा १०,४२६ ला जाईल. दहा वर्षांचा असता तर ८ टक्क्यांना तो ९,३२० पर्यंत घसरला असता. मला पाच वर्षांची मुदत आवडते ती यामुळेच.

मग लक्ष ठेवायचं ते रेपो दरावर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो), महागाईवर आणि अर्थसंकल्पातल्या सरकारी उसनवारीच्या आकड्यावर. ४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने ध्यानीमनी नसताना रेपो ४ वरून ४.४० टक्के केला आणि रोख्यांचे भाव त्याच दिवशी आपटले.

खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ या संकेतस्थळावर खातं उघडा, पैसे पडत नाहीत. किमान गुंतवणूक १०,००० रुपये. नवख्याने सरकार रोखे विकतं त्या लिलावातच घ्यावा: भाव सांगावा लागत नाही, बँकांसारख्या मोठ्यांच्या बोलींतून ठरतो तो सरासरी भाव मिळतो. बाजारातून जुना रोखा घेतलात, तर मागच्या हप्त्यापासून साचलेलं व्याज विकणाऱ्याला भावाशिवाय वेगळं द्यावं लागतं. आकडा फुगलेला दिसला म्हणून दचकू नका, पुढच्या हप्त्यात ते परत येतं.

मुदतीपर्यंत थांबणार असाल तर मधले चढउतार बघूही नका. पण दोन वर्षांनी मुलीची फी भरायची असेल, तर पाच वर्षांचा घेऊन मध्येच विकायचा बेत आखू नका. छोट्या रकमेला मनासारखा गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. फीच्या तारखेआधी मुदत संपणारा जुना रोखा शोधा.