पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाताना: काय न्यावं, काय मागावं, कुठे अडून बसावं

पोलीस ठाण्यात शिरणारा माणूस सहसा दोनपैकी एका पवित्र्यात असतो. एक जण दारापासूनच हात जोडून ‘साहेब, साहेब’ करतो, दुसरा मोबाईलचा कॅमेरा चालू करूनच आत येतो. दोघांचंही काम रखडतं. समोरचा अंमलदार ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणतो तेव्हा कधी कायद्यानेच त्याचे हात बांधलेले असतात, तर कधी तो सरळ टोलवत असतो. कुठल्या वेळी काय चाललंय हे ओळखता आलं तर चिडण्याची आणि गयावया करण्याची, दोन्ही गरजा संपतात.

टेबलामागे कोण असतं

पहिली गाठ ठाणे अंमलदाराशी पडते. तो बहुधा हवालदार किंवा सहायक उपनिरीक्षक असतो. स्टेशन डायरी लिहिणं, वायरलेस आणि फोन घेणं, लॉकअपमधल्या आरोपींची नोंद, दवाखान्यातून आलेली अकस्मात मृत्यूची खबर, हे सगळं त्याच्याच गळ्यात असतं. गुन्हा दाखल करायचा निर्णय मात्र तो बहुधा एकटा घेत नाही, अधिकाऱ्याला विचारतो. म्हणून त्याच्यावर आवाज चढवण्यात अर्थ नाही. ‘आज ड्युटीवर अधिकारी कोण आहेत?’ एवढं विचारा. खांद्यावर दोन तारे असले तर उपनिरीक्षक, तीन असले तर सहायक निरीक्षक किंवा निरीक्षक.

घाईचं प्रकरण नसेल तर सकाळची कोर्टाची वेळ आणि पाळी बदलण्याची वेळ टाळा. अटक केलेल्या आरोपीला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, त्यामुळे सकाळी तपासी अधिकारी रिमांडची कागदपत्रं घेऊन कोर्टात धावत असतात. ‘साहेब बाहेर गेलेत’ हे दरवेळी खोटं नसतं. गणपती, निवडणूक किंवा मोठ्या सभेच्या दिवशी अर्धं ठाणं बंदोबस्ताला असतं. मुंबईत आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये सुरू झाला. त्याआधी बारा तास ही नेहमीची गोष्ट होती, आणि बंदोबस्त लागला की आजही घड्याळ कोणी बघत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी आणण्याची तरतूद केली. कायदा चांगला आहे, पण पंचनाम्याला लागणारा वेळ वाढला. तुमची फिर्याद लिहून घेणारा त्याच वेळापत्रकात अडकलेला असतो.

घरून निघण्याआधी

अर्ज घरीच लिहा, साध्या मराठीत, एका पानात. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं, काय गेलं, या क्रमाने. कलमं लिहू नका. ते काम पोलिसांचं आहे, आणि चुकीचं कलम लिहून वाद ओढवतो. ‘गुंड प्रवृत्तीचा’, ‘नीच’ असली विशेषणं गाळा. त्याऐवजी अंगकाठी, कपडे, गाडीचा रंग, नंबरचे आठवतात तेवढे आकडे, आणि तो कुठल्या दिशेने पळाला ते लिहा.

मोबाईल गेला असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवाच. तो खोक्यावर आणि बहुतेक बिलांवर असतो; हातात फोन आहे तोवर *#०६# दाबून आजच वहीत उतरवून ठेवा. दुचाकी असेल तर चासी आणि इंजिन नंबर, दागिना असेल तर पावती किंवा तो घातलेला फोटो. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. हा क्रमांक नसेल तर पुढच्या महिन्यात तुम्ही ठाण्यात आलाच नव्हता असं होतं.

ऑनलाइन फसवणुकीत मात्र अर्ज लिहीत बसू नका. आधी १९३० ला फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात. ठाण्याची फेरी त्यानंतर.

एनसी की एफआयआर

सगळ्यात जास्त कडवटपणा इथे येतो. साधी मारहाण किंवा बदनामी हे अदखलपात्र गुन्हे. त्यात पोलीस फक्त नोंद करून, हीच एनसी, तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतात. कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करण्याचा अधिकारच त्यांना नाही. ज्यात तो असतो ते दखलपात्र गुन्हे, आणि त्यांचीच एफआयआर होते. ‘एनसी घेऊन वाटेला लावलं’ ही तक्रार बऱ्याचदा पोलिसांची नसून कायद्याची असते. अशा वेळी दोन गोष्टी मागता येतात. एक, एनसीची प्रत. दुसरी, शेजाऱ्याचा त्रास वारंवार होत असेल तर आधीच्या एनसींचे क्रमांक दाखवून प्रतिबंधक कारवाई, म्हणजे त्याच्याकडून नीट वागण्याची हमी लिहून घेणं. चॅप्टर केस म्हणतात ती हीच. एकट्या एनसीवर ती सहसा होत नाही, तीन-चार झाल्या की अधिकारीही मनावर घेतो.

चोरीतही एक खाच आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरली आहे. म्हणून बिल जोडा.

आता टोलवण्याचे प्रकार. पहिला: चोरीला गेलेला किंवा हिसकावलेला मोबाईल ‘गहाळ झाला असं लिहा, दाखला लगेच मिळेल.’ गहाळच्या दाखल्यावर सिमकार्ड मिळतं, पण चोराच्या मागे कोणी लागत नाही. असं का सांगतात? दाखल गुन्हे किती आणि उघडकीस किती याचा हिशोब वरिष्ठांसमोर क्राइम मीटिंगमध्ये द्यावा लागतो, आणि न नोंदवलेला गुन्हा त्या हिशोबात येत नाही. फोन खरंच कुठे पडला असेल तर दाखला पुरे. हातातून ओढून नेला असेल तर ‘हिसकावला’ हाच शब्द लिहा आणि त्यावर ठाम राहा.

दुसरा: ‘ही आमची हद्द नाही.’ दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणा, आवाज न चढवता.

तिसरा: ‘आधी चौकशी करू.’ तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात प्राथमिक चौकशी करता येते, पण त्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि मुदत १४ दिवस. तारीख विचारा, वहीत लिहा, पंधराव्या दिवशी हजर व्हा.

सही करण्याआधी

फिर्याद टाइप झाली की ती तुम्हाला वाचून दाखवणं बंधनकारक आहे. रात्री अकरा वाजलेले असतात, सगळे दमलेले असतात, आणि ‘करा सही, नंतर बघू’ होतं. करू नका. छापील नमुन्यात तीन जागा नीट बघा: घटनेची वेळ, गेलेल्या मालाची यादी व किंमत, आणि माहिती द्यायला उशीर झाल्याचं कारण. हा शेवटचा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. आईला दवाखान्यात नेलं म्हणून दुसऱ्या दिवशी आलात, तर तेवढं एक वाक्य त्यात आलंच पाहिजे. नाहीतर दोन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीचा वकील त्याच रकान्यावर अर्धा तास काढतो. प्रत फुकट मिळते, लगेच मागा. तक्रार ऑनलाइन पाठवली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. महिला, १५ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरील व्यक्ती साक्षीदार असतील तर जबाबासाठी त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

अडलं तर

आधी ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकाला भेटा. बरीच प्रकरणं तिथेच सुटतात, कारण खालच्या अंमलदाराने ती वर नेलेलीच नसतात. तरी नकार आला तर अर्जाची प्रत रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना पाठवा, आणि पोचपावती जपा. त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकारी. तिथे शपथपत्र लागतं, आणि आधी वर अर्ज केल्याचा पुरावाही. नगरसेवकाचा फोन हा जवळचा रस्ता वाटतो. पण त्याने काम झालं तरी फाईलवर काही उरत नाही, आणि समोरच्या पार्टीकडेही नगरसेवक असतोच.

चित्रीकरणाबद्दल: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं आहे की सरकारी गुपितांच्या कायद्याखाली पोलीस ठाणं हे निषिद्ध ठिकाण नाही. म्हणजे तिथे चित्रीकरण केल्याने त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. तरीही नाकासमोर फोन धरणं शहाणपणाचं नाही. आजूबाजूला पीडित महिला, अल्पवयीन मुलं बसलेली असू शकतात. कोण, किती वाजता, काय म्हणालं हे टिपून ठेवा. ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही बसवून चित्रण जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे, वेळ माहीत असेल तर नेमकं चित्रण मागता येतं. शब्दाला शब्द वाढला तरी हात लावू नका. कॉलर धरणं, ढकलणं हा सरकारी नोकरावर हल्ला, भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, अजामीनपात्र. मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुम्ही आरोपी होता.

‘चहापाणी’ मागितलं तर १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. देऊन मोकळं होऊ नका; २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवावं लागतं.

नंतरचा पाठपुरावा

तपासी अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर एका चिठ्ठीवर. रोज फोन करू नका, पंधरा दिवसांनी एकदा पुरतो. ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चोरीचा माल सापडला तरी तो लगेच हातात पडत नाही. तो मुद्देमाल असतो, सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागतो. त्यावरून ठाण्यात भांडणारे रोज दिसतात, फुकट.

आणि काम चांगलं झालं तर? पेढे नेऊ नका. अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पत्र लिहा: अंमलदाराचं नाव, बक्कल नंबर (पोलिसाचा स्वतःचा ओळख क्रमांक), गुन्हा रजिस्टर नंबर, आणि त्याने नेमकं काय केलं ते दोन ओळींत. वरिष्ठ बक्षीस देतात तेव्हा त्याची नोंद सेवेच्या कागदांत होते, आणि ‘सहकार्य केले’ अशा मोघम पत्रापेक्षा ‘रात्री दोन वाजता तीन दुकानांचं फुटेज स्वतः जाऊन काढलं’ हे वाक्य तिथे उपयोगी पडतं. विसर्जनाच्या रात्री सोसायटीसमोर बंदोबस्त असेल तर वडापाव वाटायला दहा मंडळं असतात. महिला पोलिसांची खरी अडचण स्वच्छतागृहाची. तळमजल्याचं स्वच्छतागृह उघडं ठेवा, पाणी आणि दिवा आहे का बघा, आणि वॉचमनला सांगून ठेवा की कोणी विचारलं तर चौकशा न करता आत सोडायचं.