एकाच यादीत दोन बडोदे : मजकुराची फाइल डेटाबेसमध्ये भरताना ओळींचे शेवट कसे सांभाळावेत

बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या एका मराठी वाचनालयाची सभासद-यादी डेटाबेसमध्ये भरून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. सयाजीरावांनी १९१० साली सेंट्रल लायब्ररी उभी केली त्या गावात वाचनालयाचं काम नाकारणं जमत नाही. यादी दोघांनी वाटून टाइप केलेली, एकाकडे विंडोज आणि दुसऱ्याकडे लिनक्स. मी दोन्ही फाइली एकाखाली एक जोडल्या, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरल्या. एकही एरर नाही. मग गावानुसार सभासद मोजले, तर 'बडोदे' दोनदा आलं. वर एक बडोदे, खाली दुसरं बडोदे, दोघांचे आकडे वेगळे.

शेजारी बसलेले कोषाध्यक्ष काका म्हणाले, "अरे, एक विश्वामित्री नदीच्या अलीकडचं आणि एक पलीकडचं असं काही केलंयस का?"

तसं काही नव्हतं. गाव हा शेवटचा कॉलम होता, आणि विंडोजवर टाइप झालेल्या प्रत्येक 'बडोदे'च्या शेपटीला एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं होतं. चूक माझीच. भरण्याआधी फाइल उघडून बघितली होती, पण बघायची तशी बघितली नव्हती.

ते अक्षर येतं कुठून

कोर्टाबाहेर टाइपरायटरवर अर्ज टाइप होताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. ओळ संपली की टायपिस्ट डावीकडचा दांडा ढकलतो. त्या एका ढकलण्यात दोन कामं होतात, कागद एक ओळ वर सरकतो आणि गाडा पुन्हा सुरुवातीला येतो. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते. १९६३ च्या आस्की संकेतावलीत गाडा मागे नेणाऱ्या 'कॅरेज रिटर्न'चा क्रमांक १३ आणि ओळ सरकवणाऱ्या 'लाइन फीड'चा १०. यापुढे त्यांना सीआर आणि एलएफ म्हणू.

गाडा गेला, संकेत राहिले. युनिक्सने एकट्या एलएफवर भागवलं, लिनक्स आणि आजचा मॅक त्याच वाटेने जातात. डॉस आणि विंडोजने दोन्ही ठेवले, आधी सीआर मग एलएफ. जुन्या मॅकने, म्हणजे मॅक ओएस ९ पर्यंत, नुसता सीआर वापरला. तो प्रकार संपला असं समजू नका. एक्सेलमध्ये यादी सीएसव्ही, म्हणजे कॉलम स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल, म्हणून जतन करताना 'सीएसव्ही मॅकिंटॉश' असा पर्याय आहे आणि कोणीतरी तो निवडतोच.

आधी प्रत, मग नजर

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत करा, मूळ फाइल 'रीड ओन्ली' करून बाजूला ठेवा. पुढे एका पायरीवर मूळ शेवटच पुरावा म्हणून लागणार आहेत.

आता प्रत बघा. एक्सेलमध्ये उघडून काही कळणार नाही, तो सगळं गुपचूप सांभाळून घेतो. २०१८ च्या आधीचं नोटपॅड निदान एलएफची फाइल एका लांबलचक ओळीत दाखवून बोंब तरी मारायचं. आताचं तेही करत नाही. व्हीएस कोड या एडिटरच्या खालच्या पट्टीवर 'सीआरएलएफ' किंवा 'एलएफ' लिहिलेलं दिसतं, पण मिश्र फाइल असली तरी तिथे एकच नाव येतं, कारण फाइल उघडतानाच तो सगळे शेवट एकसारखे करून टाकतो. मिश्र फाइलीचा संशय असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

विंडोजवर मी नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर वापरतो. 'व्ह्यू'मध्ये 'शो सिम्बॉल', त्यात 'शो एंड ऑफ लाइन' चालू करा. प्रत्येक ओळीच्या टोकाला सीआर, एलएफ किंवा दोन्ही अशा छोट्या काळ्या चौकटी दिसतात. फाइल झरझर खाली न्या. चौकटींची रुंदी जिथे बदलते तिथे एकाचं टायपिंग संपून दुसऱ्याचं सुरू झालंय. आमच्या यादीत तो सांधा असा डोळ्यांना दिसला.

लिनक्सवर 'फाइल' ही कमांड एका ओळीत निकाल देते, आणि मिश्र फाइल असेल तर सीआरएलएफ आणि एलएफ दोन्ही नावं सांगते. नेमकी ओळ बघायची तर 'कॅट'ला कॅपिटल ए हा पर्याय द्या. विंडोजच्या ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह, एम आणि डॉलर दिसेल, लिनक्सच्या ओळीला नुसता डॉलर.

बघून झालं की तीन आकडे कागदावर लिहा: सीआर-एलएफच्या जोड्या किती, एकटे एलएफ किती, एकटे सीआर किती. हे तीन आकडे हातात नसताना 'चालशे' म्हणून पुढे गेलात की तुमचंही एक दुसरं बडोदे तयार होणार.

देवनागरी असेल तर इथे थांबा

हा मुद्दा इंग्रजी डेटावाल्यांना फारसा छळत नाही, आपल्याला छळतो. एक्सेलमधून 'युनिकोड टेक्स्ट' म्हणून जतन केलेली फाइल यूटीएफ-१६ या संकेतपद्धतीत असते, म्हणजे देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा दोन बाइटची. आता गंमत बघा. युनिकोडमध्ये 'ऊ'चा हेक्सा (सोळाच्या पायाचा) क्रमांक ०९०ए आहे. त्यातला '०ए' म्हणजे दशमानात १०, म्हणजेच एलएफ. फाइल बाइट-बाइट वाचून जिथे १० दिसेल तिथे ओळ तोडणारं अवजार 'ऊर्मिला'च्या पहिल्या अक्षराच्या पोटातच ओळ तोडतं. आणि १३ क्रमांकाचे सगळे बाइट उडवायला गेलात तर सीआरचा अर्धा भाग जातो, उरलेला शून्य बाइट मागे राहतो आणि तिथून पुढची जोडणी एका बाइटने सरकून मजकुराचा चिवडा होतो.

म्हणून आधी फाइल यूटीएफ-८ करा, नोटपॅड प्लस प्लसच्या 'एन्कोडिंग' मेनूतून किंवा 'आयकॉन्व्ह' कमांडने. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं अक्षर तीन बाइटचं असतं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे, त्यामुळे १० आणि १३ कुठल्याही अक्षराच्या आत सापडत नाहीत. जमलं तर 'बीओएम'शिवायचा पर्याय निवडा. नाहीतर फाइलीच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट बसतात आणि पहिल्या कॉलमचं नाव काही केल्या जुळत नाही.

कुठला एंटर ओळीचा, कुठला पत्त्याचा

सगळे शेवट एकसारखे करायची घाई इथेच नडते. एक्सेलच्या एका घरात (सेलमध्ये) ऑल्ट दाबून एंटर मारला की घराच्या आतच नवी ओळ होते. पत्ता लिहिणारे लोक हे हमखास करतात, 'रावपुरा' वरच्या ओळीत आणि 'टॉवरजवळ' खालच्या. विंडोजवर अशी यादी सीएसव्ही केली की ओळीच्या शेवटी सीआर-एलएफ येतो आणि घराच्या आतल्या एंटरला नुसता एलएफ.

असा पत्ता अवतरणचिन्हांत असेल तर काळजी नाही. २००५ च्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या दस्तऐवजात सीएसव्हीचे जे संकेत लिहून ठेवलेत त्यांनुसार अवतरणातला ओळतोड हा डेटाचाच भाग असतो आणि नीट लिहिलेला वाचक तो तसाच ठेवतो. पण अवतरणं नसतील, किंवा मधल्या कुणी ती काढून टाकली असतील, तर 'ही ओळ संपली' आणि 'हा पत्ता खाली उतरला' यांत फरक सांगणारी एकच खूण उरते: सीआर आहे की नाही. सगळं आधीच एलएफ केलंत तर ती खूण गेली.

तेव्हा अशा फाइलीत उलटं सुरू करा. ज्याच्या आधी सीआर नाही असा प्रत्येक एलएफ आधी स्पेसने बदला, आणि मगच बाकीची सफाई. पण हे सगळी फाइल एकाच विंडोज यंत्रावरून आली असेल तेव्हाच. आमच्यासारखी जोडलेली असेल तर लिनक्सच्या भागातले सगळे सभासद एकाच ओळीत कोंबले जातील. तिथे फाइल सांध्यावर तोडून दोन्ही तुकडे वेगवेगळे साफ करावेत. माझं मत असं की फाइली जोडण्याआधीच प्रत्येकीची सफाई करावी. जोडून मग साफ करणं म्हणजे डाळ-तांदूळ मिसळून मग खडे वेचणं.

सफाईचा क्रम

घराच्या आतले एंटर मार्गी लागले की पुढचं सोपं आहे, फक्त क्रम चुकू नये. पहिल्यांदा सीआर-सीआर-एलएफ असे तिहेरी शेवट शोधून त्यांच्या जागी एक एलएफ. मग सीआर-एलएफच्या जोड्यांच्या जागी एलएफ. शेवटी जे एकटे सीआर उरतील त्यांच्या जागी एलएफ. एकट्या सीआरने सुरुवात केलीत तर प्रत्येक जोडीचे दोन एलएफ होतात आणि दर ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

तो तिहेरी शेवट कुठून येतो? बहुतेक वेळा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून. विंडोजवर सीएसव्ही लिहिताना फाइल उघडायच्या सूचनेत 'न्यूलाइन'ला रिकामी स्ट्रिंग दिली नाही, तर सीएसव्ही मॉड्यूल आपला सीआर-एलएफ लिहितं आणि पायथन त्यातल्या एलएफला पुन्हा एक सीआर जोडतो. फाइल एक्सेलमध्ये उघडली की एकाआड एक ओळ रिकामी दिसते.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये हे तीनही बदल 'एक्स्टेंडेड' शोध-बदल वापरून होतात. लिनक्सवर 'डॉसटूयुनिक्स' जोड्या बदलतं, एकट्या सीआरला हात लावत नाही. त्यासाठी त्याचाच भाऊ 'मॅकटूयुनिक्स' आहे. झाल्यावर पुन्हा तीन आकडे काढा. आता जोड्या शून्य, एकटे सीआर शून्य.

फाइली जोडताना एक बघा. पहिल्या फाइलीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर दुसरीची पहिली ओळ तिलाच चिकटते, आणि दोन सभासदांचा एक सभासद होतो. दुसऱ्या फाइलीतली कॉलमांच्या नावांची ओळही काढायला विसरू नका.

डेटाबेसला स्पष्ट सांगा

मायएसक्यूएलच्या 'लोड डेटा'ला काही सांगितलं नाही तर तो एलएफलाच ओळीचा शेवट धरतो, आणि आधीचा सीआर शेवटच्या कॉलमात जाऊन बसतो. माझं तेच झालं होतं. शेवटचा कॉलम आकड्यांचा किंवा तारखेचा असता तर बहुधा कुरकुर तरी झाली असती. मजकूर असल्यामुळे तो मुकाट्याने गिळला गेला. 'लाइन्स टर्मिनेटेड बाय' नेहमी लिहा, एलएफच असला तरी.

पोस्टग्रेसचा 'कॉपी' तिन्ही प्रकार ओळखतो, पण एका फाइलीत एकच प्रकार लागतो. मध्येच बदल झाला की 'अनकोटेड कॅरेज रिटर्न फाउंड इन डेटा' अशासारखा निरोप देऊन थांबतो. लोक यावर वैतागतात, मला ते थांबणंच आवडतं. एसक्यूएल सर्व्हरच्या 'बल्क इन्सर्ट'ची खोड वेगळी: 'रो टर्मिनेटर' म्हणून बॅकस्लॅश-एन दिलं तरी तो मनातल्या मनात सीआर-एलएफ धरतो. एलएफची फाइल भरायची तर तिथे हेक्सा पद्धतीने शून्य-एक्स-शून्य-ए लिहावं लागतं.

खऱ्या टेबलात थेट भरू नका. सगळे कॉलम मजकुराचे असलेलं एक कच्चं टेबल करा, आधी त्यात ओता आणि तिथे तपासा. फाइलीतल्या नोंदी आणि टेबलातल्या ओळी यांची संख्या जुळते का? पत्त्यांत अवतरणातले एंटर असतील तर एलएफ मोजून नोंदींची संख्या मिळत नाही, हे लक्षात असू द्या. मग शेवटच्या कॉलमात १३ क्रमांकाचं अक्षर असलेल्या ओळी शोधा.

आधीच भरून बसलंय त्याचं काय

मायएसक्यूएलमध्ये संशयित शब्दाची लांबी अक्षरांत आणि बाइटमध्ये अशी दोन्ही तऱ्हांनी विचारा. 'बडोदे' यात काना-मात्रा धरून पाच अक्षरं, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. माझ्या दुसऱ्या बडोद्याची उत्तरं सहा आणि १६ आली. 'हेक्स' विचारलं तर शेवटी '०डी' लागलेलं, म्हणजे १३. टर्मिनलवर आणखी एक खूण दिसते, त्या ओळीची उजवीकडची उभी रेघ डावीकडे येऊन पडते. सीआर अजूनही गाडा मागे नेतोच आहे.

'ट्रिम'ने हे जात नाही, तो सांगितल्याशिवाय फक्त स्पेस कापतो. 'रिप्लेस' वापरून १३ क्रमांकाचं अक्षर रिकाम्या स्ट्रिंगने बदला. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते 'चार' या फंक्शनने मिळतं, पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये 'सीएचआर'ने. त्या कॉलमावर युनिक इंडेक्स, म्हणजे तेच मूल्य दोनदा येऊ न देणारी अट, असेल तर बदल मध्येच अडेल, कारण वेगळी भासणारी दोन मूल्यं एकच ठरतात. आधी तशा जोड्या काढून कोणती ठेवायची ते ठरवा, आणि सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे चुकलं तर मागे घेता येईल.

सफाईनंतर काकांना पुन्हा मोजणी दाखवली. बडोदे एकदाच आलं, दोन्ही आकड्यांची बेरीज होऊन. त्याच्याखाली 'वडोदरा' वेगळं होतं, त्याच्याखाली 'बरोडा'. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे तुझ्या त्या तेरा नंबरचं काम नाही. हे आमचंच." आणि लाल पेन घेऊन नोंदवही उघडली.