कोल्हापुरातल्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांना कुठे आणि कसे फिरवावे

कोल्हापुरात लग्न निघाले की मुंबई-नागपूरचे आणि परदेशातले नातेवाईक दोन दिवस आधीच येऊन उतरतात. हळद, सीमांतपूजन, अक्षता आणि दुसऱ्या दिवशीची पूजा यांच्या मधल्या वेळात मंगल कार्यालयाच्या खोलीत बसून राहण्याखेरीज त्यांना काही काम नसते. इतक्या लांबून आलेल्या माणसाने कोल्हापूर न बघता परत जावे, ही यजमानाला लागून राहणारी गोष्ट आहे. त्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. तारखा ठरतात तेव्हाच फिरण्याचे नियोजन करून ठेवले म्हणजे पुरते.

आधी कागदावर सगळ्या विधींच्या वेळा लिहाव्यात आणि मग मोकळा वेळ मोजावा. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल, तर त्या दिवशी सकाळी शहराबाहेरची सहल अजिबात ठेवू नये. आमच्या पुतणीच्या लग्नात मुहूर्ताच्या दिवशी सकाळीच मी एक गाडी ज्योतिबाला पाठवली. तो रविवार होता, देवाचा वार असल्यामुळे डोंगरावर अलोट गर्दी होती, आणि नवरीची सख्खी आत्या अक्षता पडून गेल्यावर कार्यालयात पोहोचली. ती आजही त्या क्षणाबद्दल हळहळते, आणि तिला तिकडे पाठवणारा मी असल्यामुळे ही चूक इतरांनी करू नये असे मला मनापासून वाटते.

पाहुण्यांबरोबर घरचे एक माणूस द्यावेच. नवरीचे आईवडील, मामा किंवा करवली यांच्यावर हे काम टाकू नये, कारण त्यांना विधींसाठी वारंवार बोलावले जाते. एखादा चुलतभाऊ किंवा शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा या कामाला उत्तम. गाडीत कोण कोण बसले याची यादी, चालकाचा नंबर आणि परतण्याची वेळ त्याच्याकडे लिहून द्यावी.

लग्नाच्या दिवशी सकाळी एकच गोष्ट शक्य असते, ती म्हणजे अंबाबाईचे दर्शन. पहाटे देऊळ उघडल्यानंतर लगेच गेल्यास वृद्ध माणसांनाही फार वेळ उभे राहावे लागत नाही. देवळात शोभेलसा पूर्ण पोशाख हवा, हे बाहेरगावच्या तरुण पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगावे. लग्न ९, १०, ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवसांच्या आसपास असेल, तर तो मोठा योग समजावा. या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि आकाश निरभ्र असेल तर देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. किरणोत्सव बघायला संध्याकाळी मोठी गर्दी होते, म्हणून त्या दिवशी लहान मुलांना बरोबर नेऊ नये.

अर्धा दिवस मोकळा असेल तर पन्हाळा निवडावा. शहरापासून अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे आणि गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनाही नेता येते. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी आणि अंबरखाना एवढे नीट पाहिले तरी तीन तास जातात. अंधारबाव घाईने उरकू नये. वरून साधी इमारत वाटणाऱ्या या वास्तूत खाली पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, आणि उतरताना उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १६६० च्या जुलैमधल्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज ज्या राजदिंडीने विशाळगडाकडे निघाले, तिथे पाहुण्यांना उभे करून, समोरच्या डोंगररांगांकडे बोट दाखवत बाजीप्रभूंची आणि शिवा काशिदांची हकिगत सांगावी. परदेशात वाढलेल्या मुलांच्या मनात ती कायमची राहते, हे मी दोन-तीनदा पाहिले आहे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात पन्हाळा आहे. झुणका-भाकर आणि गाडग्यातले दही गडावरच खाऊन घ्यावे.

ज्योतिबा त्याच दिशेला असल्यामुळे दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. मात्र रविवार आणि चैत्रातल्या यात्रेचे दिवस टाळावेत. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्याने लग्नानंतर नवी जोडी इथे येतेच, तेव्हा पाहुण्यांनाही त्यांच्याबरोबर न्यावे. ‘चांगभलं’च्या गजरात गुलाल उधळला जातो आणि तो कपड्यांवरून सहज निघत नाही. पैठणी किंवा रेशमी सदरा घालून तिथे जाऊ नये, आणि येताना गाडीच्या आसनांवर अंथरायला जुन्या चादरी सोबत ठेवाव्यात.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर मी निःसंशय खिद्रापूर सुचवेन, कारण पन्हाळा ऐकून तरी सगळ्यांना माहीत असतो, पण कृष्णाकाठचे कोपेश्वराचे देऊळ पाहिलेले फारच थोडे भेटतात. शहरापासून ते साधारण साठ किलोमीटरवर आहे. शिलाहारांच्या काळातल्या या देवळाचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा असून त्याच्या छताला मधोमध मोठे गोल मोकळे आकाश सोडलेले आहे. त्याच्या बरोबर खाली अखंड दगडाची वर्तुळाकार शिळा आहे. ऊन चढल्यावर वरून पडणारे प्रकाशाचे वर्तुळ दगडावरून हळूहळू सरकताना दिसते, म्हणून तिथे अकरा ते एकच्या दरम्यान असावे. बाहेरच्या भिंतीच्या तळाशी ओळीने कोरलेल्या हत्तींच्या पाठीवर सारे देऊळ तोललेले भासते. मुलांना ते हत्ती मोजायला सांगावेत. गावातच जुने जैन मंदिरही आहे. गावात जेवणाची मोठी सोय गृहीत धरू नये, डबे बरोबर घ्यावेत. याच वाटेवर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी लागते. तिथे दत्ताच्या पादुकांचे दर्शन घेऊन, घाटावर थोडे बसून, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन अंधार पडण्याआधी परत फिरावे. नोव्हेंबर ते मार्च या काळात शिवारात गुऱ्हाळे चालू असतात. मालकाची परवानगी घेऊन थांबले तर काहिलीतून नुकताच ओतलेला गरम गूळ चाखायला मिळतो.

ज्यांना गाडीचा प्रवास सोसत नाही त्यांच्यासाठी शहरातच न्यू पॅलेसचे संग्रहालय, भवानी मंडप, खासबाग मैदान आणि संध्याकाळी रंकाळा पुरेसा आहे. सहल शक्यतो सोमवारी ठेवू नये, कारण बरीच संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. सामिष खाणाऱ्यांना तांबडा-पांढरा रस्सा हवाच असतो. त्यांना हळदीच्या आधीच्या दिवशी खानावळीत न्यावे, म्हणजे देवकार्याच्या दिवसांत घरातल्या मोठ्यांची अडचण होत नाही.

पायताणांची खरेदी पहिल्या दिवशीच उरकावी. चांगली कोल्हापुरी चप्पल चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, तिच्यात खिळा नसतो. तळवा वाकवून शिवण पाहावी आणि दोन्ही पायांत घालून दुकानातच थोडे चालून बघावे. नवी चप्पल सुरुवातीला चावते, म्हणून ती लग्नात घालायची असेल तर आदल्या दोन दिवसांत घरात वापरून आणि तेलाचा हात लावून मऊ करून घ्यावी.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने परतणाऱ्यांना संध्याकाळी सामानासकट गंगावेशीत आणावे. तिथे म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते आणि फेसाने भरलेला कोमट पेला हातात येतो. कच्चे दूध ज्यांना पचत नाही त्यांना आग्रह करू नये; बाकीच्यांचे पिऊन होईपर्यंत चालकाने गाडी वळवून उभी ठेवावी, कारण त्या वेळी स्टेशनकडच्या रस्त्याला गर्दी असते आणि अर्धा-पाऊण तास हाताशी राहिलेला बरा.