वावर ठरवा, मग मशीन काढा

गावची गढी यादीतून सगळ्यात आधी खोडा. नवा मेटल डिटेक्टर हातात आला की मन तिकडेच धावतं, माझंही धावलं होतं. पण गढीच्या सातबाऱ्यावर देशमुखांच्या नाहीतर मालगुजारांच्या पाच-सात वारसांची नावं असतात, त्यातले दोघे कोर्टात भांडत असतात आणि गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तिथे पुरलेल्या हंड्याची गोष्ट पाठ असते. तिथं मशीन फिरवताना दिसलात की तुमचा छंद कोणी विचारत नाही. तुम्ही गुप्तधनवाले ठरता.

आपल्याकडे हा शब्द साधा नाही. त्याच्यामागे पायाळू माणूस, अमावस्येची रात्र आणि मांत्रिक येतो, कधीकधी त्याहून भयंकर काही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धन शोधण्यासाठी केलेले अघोरी प्रकार उगाच घातलेले नाहीत. म्हणून जागेच्याही आधी दिवस ठरवा: अमावस्या नको, पौर्णिमा नको, दिवेलागणीनंतर तर नकोच. पिशवीत नारळ नको. सरबतासाठी घेतलेलं लिंबूसुद्धा नको, हे मी अनुभवाने सांगतो.

गढीनंतर पांढरी. काळी कसायची आणि पांढरी राहायची, ही जुनी विभागणी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेची, शेणाची, पडलेल्या भिंतींची माती. गाव उठून गेलेलं असलं तरी ती राहते. महसुली नकाशात गावाच्या नावापुढे ‘रिठ’ किंवा ‘रिठी’ लिहिलेलं दिसलं तर तिथे एकेकाळी वस्ती होती असं समजा. छंद करणाऱ्याला हा नकाशा म्हणजे आमंत्रण वाटतं. मी तो उलटा वाचतो. मशीन घरी ठेवून तिथून एकदा चालत जा. खापरं, विटांचे तुकडे, एखादा मणी, शंखाच्या बांगडीचा तुकडा पायाखाली येऊ लागला की मागे फिरा. पवनी, अडम, कौंडण्यपूर, मनसर, नगरधन, भोन ही विदर्भातल्या उत्खननांची नावं आज माहीत झाली आहेत, पण खोदण्याआधी त्यांतल्या बऱ्याच जागा लोकांच्या लेखी नुसती टेकाडं आणि पांढऱ्याच होत्या.

नागपूरच्या आसपास, आणि पुढे भंडारा-चंद्रपूरकडेही, आणखी एक भूल असते. मुरमाड बरडावर मोठ्या धोंड्यांची गोल रिंगणं दिसतात. गावकरी त्यांना काहीही नावं देतात. ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड ही त्यांची ठिकाणं. त्यांच्या पोटात लोखंडाच्या कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्याचे लगाम निघाले आहेत. माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने निघाले, तर नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे मशीन इथे जितकं ओरडेल तितकं दुसरीकडे कुठेच नाही. आणि नेमकं इथेच ते सुरू करायचं नाही, मग तिथे सरकारी निळा फलक असो वा नसो. कुऱ्हाड सांगाड्याच्या डोक्याशी होती की पायाशी, हे तिच्यापेक्षा महत्त्वाचं असतं आणि खुरप्याच्या दोन फटक्यांत ते कायमचं जातं.

संरक्षित स्मारकांचा हिशेब सोपा आहे. केंद्राच्या संरक्षित यादीतल्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. ही बंधनं मुख्यतः बांधकामासाठी आणि खाणींसाठी आहेत, पण आपल्यालाही ते ३०० मीटर सोडायला काय हरकत आहे? जंगल पूर्ण वर्ज्य. सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ लिहिलेला तुकडा उघडाबोडका दिसत असला तरी तोही वर्ज्य. तो वनच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. मेळघाट, ताडोबा, पेंचच्या कडेला मशीन घेऊन फिरणारा माणूस वनरक्षकाला शिकाऱ्याचा साथीदार वाटला तर दोष त्याचा नाही. गडचिरोलीत पोलीस हे यंत्र भूसुरुंग शोधायला वापरतात, तिथे हौस म्हणून नेऊ नका. ई-क्लासची जमीन आणि गायरान सरकारी, ‘शकुंतला’ या नॅरोगेज रेल्वेचे ओस पडलेले रूळही परक्या मालकीचे.

मग उरलं काय? उरली काळी. कसलेलं, दरवर्षी नांगर-वखराखाली जाणारं, ओळखीच्या माणसाचं वावर. मामाचं असेल तर उत्तम. त्यातही जिथे माणसं जमायची ती जागा विचारून घ्या: जुनं खळं कुठे होतं, बैलबंड्या कुठे सुटायच्या, आंबराईत जेवणं कुठे व्हायची, गावचा बाजार रस्त्यावर येण्याआधी कोणाच्या पडीत भरायचा. ही माहिती नकाशात नसते, सत्तरीच्या पुढच्या माणसाजवळ असते. चहा घेऊन बसा. अशा जागी १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा निघतो, १९५७ नंतरचे नवे पैसे निघतात, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू निघतं, आणि भंगारवाल्याच्या डोक्यालाही ताप होईल इतके खिळे निघतात.

पण सगळ्यात चांगली जागा म्हणजे जिथे कोणाचं काही हरवलंय. कापूस वेचताना शेजारच्या काकूंचं चांदीचं जोडवं पडलं होतं. मला नुसतं तास, म्हणजे पिकाची ओळ, दाखवलं, “इथंच कुठंतरी गेलं जी, पाय चिखलात फसला तवा.” पाऊण तासात सापडलं. त्या दिवसापर्यंत “काय शोधून राह्यले भाऊ, धन हाय का?” विचारणारा गाव नंतर स्वतःच बोलवू लागला: विळा हरवला, रोटाव्हेटरचं पातं तुटून पडलं, अंगठी गेली. वस्तूची मालकीण धुऱ्यावर (बांधावर) उभी असली की कायद्याचाही प्रश्न येत नाही.

एरवी तो येतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये! आज राणीछाप एक रुपया निघाला तरी ही हद्द कुठल्या कुठे मागे राहते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरतं. म्हणून परवानगी घेताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: कुठे शोधणार आणि काही निघालं तर कोण कळवणार. सही सातबाऱ्यावरच्या मालकाची, आणि वावर ठेक्याने किंवा बटईने असेल तर कसणाऱ्याचीही. मालक पुण्यात असतो, पीक तुडवलं म्हणून काठी कसणारा उचलतो. पोलीस पाटलांना फोन करून ठेवा.

वेळेचं गणित पिकाचं आहे. सोयाबीनची सोंगणी झाली की हरभरा पेरेपर्यंत आठ-दहा दिवस मिळतात. कापसाची पऱ्हाटी उपटल्यावर फेब्रुवारी-मार्चची सकाळ मिळते. मे महिन्यात वावर मोकळं असतं, पण पंचेचाळीस अंशांत माणूस मोकळा राहत नाही. शिवाय तेव्हा काळ्या मातीला हातभर भेगा पडतात, नाणं त्यात घसरतं आणि पावसात वरून माती मिटते. म्हणून इथे खोलीवरून वस्तूचं वय ओळखता येत नाही.

ही माती बेसाल्टच्या झिजेतून आलेली, तिच्यात लोहखनिजाचे कण असतात. प्रत्येक वावरात ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वगळायची मशीनची जुळणी, नव्याने करा, नाहीतर मशीन रिकाम्या जमिनीवरच बोलत राहील. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत वेगळं, मँगनीजच्या पट्ट्यात वेगळं. विजेच्या तारांखाली ते बडबडतं. कृषी फीडरची लाईन गेली की शांत होतं. लोडशेडिंगचा हा एकच फायदा मला माहीत आहे.

धुऱ्यावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न कुंपणाचा. रानडुकरांसाठी तार लावली आहे का, तिच्यात करंट आहे का. दुसरा, मोटारीची केबल कुठून पुरली आहे. तिसरा, फवारणी कधी झाली. कीटकनाशकांच्या पुड्यांच्या चंदेरी कागदाने मशीन शंभरदा फसवेल, ते उचलायला हातमोजे लागतात. भेगांत हात घालायचा नाही, घोणस आणि मण्यार तिथेच बसतात.

सब्बल आणि फावडं घरी ठेवा. ती खांद्यावर दिसली की आधी केलेली सगळी समजावणी वाया जाते. खुरपं पुरतं, आणि खुरप्याने वीतभरच उकरायचं, म्हणजे वखर-नांगराने आधीच उलथलेल्या थराइतकं. त्याच्याखाली आवाज येत राहिला तर येऊ द्या. खड्डा बुजवा, पायाने दाबा, खिळे पिशवीत टाका आणि पुढच्या तासाला लागा.