पांढरीवर कुदळ मारण्याआधी या चुका टाळा

गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वसाहतीच्या मातीच्या टेकाडावर पावसाळ्यानंतर खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. मग उत्साही मंडळी ग्रामसभेचा ठराव घेतात, ना-हरकत दाखला काढतात आणि खणायला लागतात. सगळ्यांत महागात पडणारी चूक ही! ग्रामपंचायत फार तर आपली हरकत नाही असं सांगू शकते. उत्खननाची परवानगी देण्याचा अधिकार तिला नाही, तहसीलदारांनाही नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, जागा संरक्षित नसली तरी राज्य सरकारलासुद्धा उत्खननाआधी केंद्राची मंजुरी लागते. प्रत्यक्षात परवानगी मिळते ती विद्यापीठं, संशोधन संस्था आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला. त्यामुळे गावच्या मंडळाने स्वतंत्र अर्ज करण्यात वर्ष घालवू नये. जागेचा गट नंबर, सातबारा, नकाशा आणि पृष्ठभागावरच्या वस्तूंचे जागेवरच काढलेले फोटो संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांकडे द्यावेत.

सातबारा नीट वाचा. जमीन गायरान आहे, वनखात्याची आहे की विदर्भात असते तशी झुडपी जंगलाची नोंद आहे, यावर पुढचं कार्यालय ठरतं. जवळ केंद्र-संरक्षित स्मारक असेल तर अंतर मोजा: पहिले १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगीनेच. हे अंतर वास्तूच्या भिंतीपासून मोजायचं नसतं, ते संरक्षित हद्दीपासून धरतात. तिथेच बहुतेकांची गफलत होते.

जीवाश्मांबाबत वेगळा गैरसमज आहे. पुरावस्तू कायदा त्यांना लागू होत नाही, म्हणजे उचलायला मोकळीक आहे असं लोक धरून चालतात. पण जंगलातला दगडसुद्धा वन कायद्याने वनोपज ठरतो, आणि राखीव वनातून तो हलवणं गुन्हा आहे. गडचिरोलीतल्या सिरोंचा भागात अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या लाकडाचे तुकडे सहज दिसतात, पण तिथून एक तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका. अभ्यास करायचा असेल तर संस्थेच्या पत्रासह उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी घ्या. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते.

गौण खनिजाच्या पावतीवर जेसीबी लावून पांढरी माती उचलणं हे सर्वांत मोठं नुकसान. रॉयल्टी भरली म्हणजे वसाहतीचे थर फोडायची मुभा मिळाली असं होत नाही. टेकाडाच्या काठावर राखेचा काळा पट्टा, चोपलेल्या जमिनीची पिवळसर रेघ किंवा खापरांचा थर दिसला तर काम थांबवा आणि तहसीलदारांना लेखी कळवा.

नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी, दागिने, मूर्ती निघाली तर १८७८ चा गुप्तधन कायदा लागतो. किंमत १० रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावीच लागते. अर्जात तीन गोष्टी हव्यात: काय आणि अंदाजे किती किमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करा आणि शिक्क्याची पोच घ्या. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, शिवाय हक्कही जातो. वस्तू बेवारस ठरली तर ज्याला ती सापडली त्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला उरलेला वाटा मिळू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चिंच, लिंबू, राख लावून नाणी घासू नका. गंज निघताना अक्षरंही जातात. खापरं धुऊ नका, आतला काळा थर अन्नाचा असू शकतो. वस्तू खड्ड्यात असतानाच शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जमिनीपासूनची खोली लिहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाची मुळं खणताना मिळून ६० किलोंहून जास्त वजनाची चार ब्राँझशिल्पं निघाली. ती शास्त्रीय उत्खननात थरासकट न सापडल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला.