स्वयंपाकाची आवड नसताना जर्मनीत जेवायचे कसे: खानदेशातून निघणाऱ्यांसाठी

आमच्या धुळ्याकडे ब्रेड हे आजारपणाचे खाणे आहे. ताप आला की तो चहात बुडवून द्यायचा आणि तोंडाला चव आली की पुन्हा भाकरीवर यायचे. जर्मनीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने फोनवर ‘काय खादं?’ असे विचारले, मी ‘ब्रेड आणि चीज’ म्हणाले, आणि तिचा पुढचा प्रश्न माझ्या तापाबद्दलचा होता. ज्यांना स्वयंपाकाचा कंटाळा आहे त्यांची खरी कोंडी ही असते: रांधायचे नसते, आणि न रांधलेल्याला जेवण म्हणायला मन धजत नाही. मला आजही स्वयंपाक आवडत नाही. तो आवडू लागण्याचे उपाय येथे सापडणार नाहीत.

निघण्यापूर्वी आपल्याला नेमका कशाचा कंटाळा आहे हे ठरवावे. चिरण्याचा, ओट्याशी उभे राहण्याचा, भांडी घासण्याचा, की ‘आज काय करायचे’ या रोजच्या विचाराचा? माझा कंटाळा शेवटच्या दोन गोष्टींचा होता, म्हणून मी आठवडा एकदाच आखून टाकला: दुपारी ‘मेन्सा’त, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनालयात गरम जेवण, रात्री थंड, आणि आठवड्यातून दोनदाच चूल.

रात्रीचे थंड जेवण ही तिथे आळसाची खूण मानली जात नाही. जर्मन घरांत गरम जेवण परंपरेने दुपारचे असते, आणि रात्रीच्या जेवणाचे नावच ‘आबेंडब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा ब्रेड असे आहे. लाकडी पाटीवर ब्रेडचे काप, लोणी, चीज, काकडी, मुळा आणि व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या मांडल्या की पान वाढून झाले. मात्र ब्रेड निवडताना पांढऱ्या, मऊ टोस्टच्या वाटेला जाऊ नये. राय धान्याचा, जड, किंचित आंबट ब्रेड घ्यावा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी चावून खाल्लेल्या माणसाला तो पावापेक्षा लवकर आपलासा वाटतो, असा माझा अनुभव आहे. बेकरीत सांगितले तर ते यंत्रावर काप करून देतात. निम्मे काप फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये टाकावेत. चीजचा कंटाळा आला की ‘क्वार्क’ घ्यावे. ते आपल्या चक्क्याच्या जवळचे असते. त्यात मीठ आणि घरून आणलेला कोरडा ठेचा कालवून ब्रेडवर लावले की ब्रेडच्या आजारपणाची आठवण जाते.

शाकाहारी मंडळींनी मसुरीच्या सूपमध्ये सॉसेज आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, हे ध्यानात ठेवून आधी विचारावे.

डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, आणि अशा संध्याकाळी थंड ब्रेड कितीही मान्य केला तरी घशाखाली उतरत नाही. त्यासाठी शेवभाजी आहे. तिचे सगळे कष्ट वाटणात असतात, आणि ते वाटण घरी कोरडे करून नेता येते. उन्हात वाळवलेला कांदा थोड्या तेलात काळपट होईपर्यंत परतावा, सुके खोबरे व लसूण वेगवेगळे भाजावे, सगळे पूर्ण गार झाल्यावर काळ्या मसाल्यासह भरड दळावे आणि हवाबंद डब्यात भरावे. कांद्यात ओल राहिली तर डबा महिनाभरात कुबट होतो; माझा पहिला डबा असाच गेला. तिकडे पातेल्यात तेल तापवून दोन चमचे वाटण आणि चमचाभर टोमॅटोची पेस्ट मिनिटभर परतावी, दीड वाटी उकळते पाणी व मीठ घालावे आणि तर्री वर येईपर्यंत उकळू द्यावे. जाड, तिखट शेव ताटातच घालावी, पातेल्यात घातल्यास तिचा लगदा होतो. धूर करून फोडणी देण्याचा मोह टाळावा, कारण घरांच्या बोळांत धूरसूचक बसवलेले असतात आणि मिरचीच्या खाटाने ते वाजले की सगळा मजला जागा होतो.

दुसऱ्या वेळी भरीत करावे, कारण त्यात उभे राहावे लागत नाही. जळगावचे हिरवे-पांढरे भरताचे वांगे तिथे मिळत नाही आणि कपाशीच्या काड्यांचा धूरही नाही, तेव्हा चवीची तुलना मनातून काढून टाकावी. मोठ्या जांभळ्या वांग्याला काट्याने सात-आठ ठिकाणी टोचून, तेलाचा हात लावून, 220 अंशांवर ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवावे. टोचायला मी एकदा विसरले, आणि फुटलेल्या वांग्याचा गर ओव्हनच्या आतल्या बाजूंवरून खरवडण्यात माझा रविवार गेला.

रविवारचा विषय निघालाच आहे तर सांगते: त्या दिवशी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकाने कायद्याने बंद असतात. सकाळी काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या आणि मोठ्या स्थानकांवरची काही दुकाने एवढाच आधार असतो. शनिवारी संध्याकाळी घरात ब्रेड, दही आणि मसुरीची डाळ आहे ना, हे पाहावे. ही लाल डाळ तिथल्या साध्या दुकानांतही मिळते आणि न भिजवता पाऊण तासाच्या आत, बहुधा त्याहून पुष्कळ लवकर, भातासोबत एकाच भांड्यात शिजते.

बॅगेत ॲल्युमिनियमचा कुकर भरू नये, कारण इंडक्शनवर तो तापत नाही. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, म्हणून मिक्सर नेण्याचाही अट्टहास नको. तूप, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे, तेव्हा आईने कितीही आग्रह केला तरी तुपाची बरणी घरीच ठेवावी. भाकरी थापता येत नसेल तर पीठही नेऊ नये. ती जागा शेव, वाटण, ठेचा आणि बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना द्यावी. बिबडी मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात भाजली जाते.

घरी फोन करताना रात्रीचे जेवण ‘ब्रेड’ एवढेच सांगू नये. ‘राईची भाकर, चक्का आणि ठेचा’ असे सांगावे. मी असे सांगू लागल्यापासून आईने तापाची चौकशी केलेली नाही.