कार्निव्हलच्या क्रूझवर स्वतःची पेये नेताना

मायामीहून कार्निव्हल या अमेरिकी क्रूझ कंपनीच्या जहाजावर चढताना पेये नेता येतात, पण फक्त पहिल्या दिवशी आणि हातातल्या बॅगेतूनच. बंदरावर हमालाकडे सोपवायच्या सुटकेसमध्ये बाटली ठेवली, तर ती एक्स-रेमध्ये दिसते, बॅग अडकते आणि संध्याकाळी बदलायचे कपडेही वेळेवर खोलीत पोहोचत नाहीत.

२१ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला वाइन किंवा शॅम्पेनची ७५० मिलीची एक सीलबंद बाटली चालते. बिअर, व्हिस्की, रम अजिबात नाही. शीतपेये माणशी १२, तीही ३५५ मिलीपर्यंतच्या कॅनमध्ये किंवा कागदी खोक्यात. सगळ्यात जास्त फसगत पाण्यावरून होते: प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना परवानगी नाही, त्यामुळे दुकानातून आणलेला अख्खा क्रेट दारातच राहतो. रिकामी बाटली मात्र जरूर न्या; जहाजावरचे पिण्याचे पाणी मोफत असते.

भारतातून वाइन आणत असाल तर विमानात ती चेक-इन बॅगेत जाते. बंदरावर निघण्यापूर्वी हॉटेलातच ती काढून हातातल्या बॅगेत घ्या, कपड्यात नीट गुंडाळून. खरे तर मायामीतच विकत घेणे सोयीचे.

तीच बाटली जेवणाच्या हॉलमध्ये नेली तर कॉर्केज (बाहेरून आणलेली बाटली उघडून देण्याचे शुल्क) आकारतात, खोलीत उघडली तर नाही. पुढच्या बंदरांवर घेतलेली दारू जहाजावर ताब्यात घेतात आणि प्रवास संपताना परत देतात.